नूरश्रीच्या पांढऱ्या डब्या

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात देवगाव रंगारीच्या एका जनरल स्टोअरवाल्यानं नूरश्री क्रीमच्या अडीच डझन डब्या परत पाठवल्या. सोबत चिठ्ठी होती: तुमच्या क्रीमचा चहा झालाय, आता कपबश्याही पाठवा.

ऋतुराजनं ती चिठ्ठी मोनालीच्या टेबलावर टाकली आणि एक डबी उघडून तिच्या नाकापुढं धरली. क्रीम खरंच चहाच्या रंगाचं झालं होतं.

"हे काय आहे, म्याडम?"

"कोजिक अॅसिड आहे सर. उन्हानं, हवेनं ते तपकिरी पडतं. मी जानेवारीतच लिहून दिलं होतं."

"लिहून दिलं होतं," ऋतुराज म्हणाला. "लिहायला मी कारकून ठेवला असता."

चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये ही कंपनी चालायची. ऋतुराजचे वडील तिथं फिनेल बनवायचे. ते वारल्यावर त्यानं फिनेल बंद केलं आणि चेहरा उजळायचं क्रीम काढलं. मोनाली दाभाडे तिथली एकुलती एक केमिस्ट. विद्यापीठातून एमएस्सी झाल्यावर दोन वर्षं घरी बसून काढली, तेव्हा ही नोकरी मिळाली होती. प्रत्येक बॅच तपासायची आणि कागदावर सही करायची, हे तिचं काम. तिची सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नसे.

कोजिक अॅसिड तिला मनापासून आवडायचं. तांदळावर वाढणाऱ्या एका बुरशीपासून ते मिळतं. कातडीत रंग तयार होतो, ती क्रिया ते जरा मंद करतं. वांगाचे डाग त्यानं फिके होतात, पण दोन-तीन महिने लावलं आणि ऊन टाळलं तरच. गोरं कुणाला करत नाही. ऋतुराजच्या डबीवर मात्र एक बाई सात पायऱ्यांमध्ये काळीची गोरी होत गेली होती.

"अॅल्युमिनियमच्या ट्यूबमध्ये भरू," मोनाली म्हणाली. "हवा लागणार नाही. नाहीतर कोजिकचाच दुसरा प्रकार मिळतो, तो टिकतो. महाग आहे."

"आणि असर?"

"तीन महिने."

"गिऱ्हाईक आठ दिवसांच्या वर थांबत नाही." तो दारापर्यंत गेला आणि वळला. "अजून एक. डीलर लोक आले की तुम्ही आत बसत जा. गोरं करायच्या कंपनीची केमिस्ट बघून बिचकतात ते."

मोनालीनं मान हलवली. रंगावरून असं बोलणं शाळेपासून कानावर पडत आलं होतं. गिळायची सवय झाली होती.

मे उजाडला आणि ऋतुराजनं नवीन पावडर आणली. पुड्यावर नाव नव्हतं. पुडा दोन तळहातांएवढा, पण उचलायला गेलं की मनगट खाली यायचं. "स्टॅबिलायझर आहे," तो म्हणाला. ती पावडर तो स्वतःच मोजायचा आणि स्वतःच भांड्यात टाकायचा. त्या महिन्यापासून क्रीम पांढरंशुभ्र निघू लागलं. डबी उघडी ठेवून आठ दिवस उन्हात तापवली तरी डाग पडेना.

मोनालीला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच कळलंही. कोजिक असलेल्या क्रीमवर लोहाच्या क्षाराचे दोन थेंब टाकले की ते वाईनसारखं लाल होतं. नव्या बॅचवर थेंब टाकले, लाल झालं नाही. म्हणजे ज्याच्या नावावर डबी विकली जात होती, तेच तिच्यात नव्हतं. मग काय होतं? तिनं तांब्याची तार कानसीनं घासून लख्ख केली, क्रीममध्ये आम्लाचे थेंब टाकले आणि तार त्यात बुडवून ठेवली. पंधरा मिनिटांनी काढून पुसली. तार चांदीसारखी चमकत होती.

तो पारा होता. तारीख होती चौदा मे.

ती तार घेऊन ती ऋतुराजच्या केबिनमध्ये गेली. त्यानं तार बोटात फिरवून पाहिली.

"छान चमकते," तो म्हणाला.

"सर, पाऱ्याला बंदी आहे. कातडीतून आत जातो तो. किडनीवर बसतो."

"कुणाच्या? तुमच्या?"

"लावणाऱ्यांच्या."

"लावणाऱ्यांच्या चेहऱ्यावर आठ दिवसांत उजेड पडतो. खुशीनं परत येतात." त्यानं तार कचऱ्याच्या डब्यात टाकली. "सही करायची नसली तर उद्या दुसरी येईल. तुमच्यासारख्या एमएस्सी झालेल्या पोरी रोज अर्ज घेऊन येतात. त्यातल्या काही दिसायलाही बऱ्या असतात."

मोनाली प्रयोगशाळेत परत आली. तिचे वडील कडुबा याच वसाहतीत तीस वर्षं ट्रकमध्ये पोती भरत होते. गेटच्या आत जायला त्यांना चिठ्ठी लागायची. आता ते चहाच्या टपरीवर बसून सांगायचे, आपली पोरगी कोट घालून आत बसते. दुसरी नोकरी शोधू, दिवाळीपर्यंत मिळेल, मग सांगू सगळं. असं मनाशी ठरवून तिनं सही केली. त्या बॅचवर केली आणि पुढच्या दहा बॅचांवर केली.

महिनाअखेरीस कामगारांना एकेक डबी फुकट मिळायची. मोनाली आपली डबी पहिल्या महिन्यापासून पॅकिंगच्या शाइस्ताला द्यायची. शाइस्ता चाळिशीची, लेबल चिकटवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिची लेक उजमा एकोणीस वर्षांची, कॉलेजात शिकत होती. जालन्याकडचं स्थळ सांगून आलं होतं. मुलाकडच्या बायका बघून गेल्या आणि जाताना म्हणाल्या, पोरगी अच्छी है, रंग जरा दबता है. तेव्हापासून शाइस्ताच्या डोक्यात दुसरा विषय नव्हता.

चौदा मेनंतर मोनालीनं ती डबी द्यायला नको होती. पण बंद केली असती तर का म्हणून विचारलं गेलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यायची तिची तयारी नव्हती. मेची डबी तिनं खिशात ठेवली आणि वाटेत नाल्यात टाकून दिली. जूनच्या अखेरीस शाइस्ता स्वतःच टेबलापाशी आली. "म्याडम, डबी?" मोनालीनं दिली. देताना विचारलं, "उजमा रोज लावते का हो, शाइस्ताआपा?"

"दोन टायमाला लावती," शाइस्ता हसून म्हणाली. "लई फरक पडला. तुमचीच मेहरबानी."

मोनालीनं रजिस्टर उघडलं आणि त्यात डोकं घातलं. जुलैची डबी दिली. ऑगस्टचीही दिली. स्वतःच्या घरात तिनं एकही जाऊ दिली नाही.

सप्टेंबरात शाइस्ता आठ दिवस कामावर आली नाही. नवव्या दिवशी आली ती कामाचा एप्रन न घालता, भर दुपारी, सरळ प्रयोगशाळेत. तिनं दार लोटून घेतलं आणि हातातली फाईल मोनालीपुढं आपटली.

"वाचा. तुम्हाला इंग्रजी येतं."

मोनालीनं वाचलं. लघवीतून प्रोटीन जात होतं. पायांवर, डोळ्यांखाली सूज. किडनीच्या डॉक्टरांनी खाली पेनानं लिहिलं होतं: चेहऱ्याला काय लावते? शंका पाऱ्याची.

"सकाळी डोळं उघडत नाय तिचं," शाइस्ता म्हणाली. "पायात चप्पल जात नाय. डॉक्टर मला विचारतो, तोंडाला काय लावता. मी म्हणलं, साहेब, बाहेरचं काय नाय, आमच्या कंपनीचंच हाय. आमच्या म्याडम तपासून देतात. तो माझ्याकडं असा बघाया लागला, जणू मीच जहर घातलं."

"आपा, ते क्रीम आजपासून बंद करा. एकदम बंद."

"ते डॉक्टरनं सांगितलं. तुम्ही काय सांगता ते ऐकायला आले मी." ती खुर्चीवर बसली नाही. "तुमच्या घरात डबी गेली का कधी? तुमच्या आईनं लावली?"

मोनालीनं फाईल मिटून टेबलाच्या कडेला ठेवली.

"मला बोलायचं व्हतं ना एक शबद. माझ्या हातावर ठेवताना."

आवाज ऐकून ऋतुराज आत आला. शाइस्ताकडं न बघता तो म्हणाला, "हिला कुणी आत सोडलं? आठ दिवस बिनपगारी गैरहजर आहे. हिचा हिशेब करून टाका."

"तुमच्या क्रीममुळं पोरगी दवाखान्यात हाय," शाइस्ता म्हणाली.

"माझ्याकडं प्रत्येक बॅचचा कागद आहे. क्रीम चांगलं असल्याची सही कुणाची आहे, ते या म्याडमला विचारा." त्यानं दार उघडून धरलं. "आणि घरात काय काय फासता तुम्ही लोक, मला काय माहिती."

शाइस्तानं फाईल उचलली. जाताना ती ऋतुराजकडं नाही, मोनालीकडंच बघत होती.

ती गेल्यावर ऋतुराजनं नमुन्यांच्या कपाटाची किल्ली मागितली. प्रत्येक बॅचच्या दोन डब्या त्या कपाटात राखून ठेवलेल्या असत. "मेपासूनच्या सगळ्या उद्या माझ्यासमोर काढून टाका. मेच्या आधीच्या राहू द्या. आणि तोंड बंद ठेवा. बुडालो तर पहिल्या तुम्ही बुडाल, कागदावर माझं अक्षर कुठंच नाही."

मोनालीनं किल्ली दिली. कपाटाची दुसरी किल्ली तिच्या ड्रॉवरमध्ये होती. संध्याकाळी निघताना तिनं अकरा बॅचांची एकेक डबी जेवणाच्या डब्याच्या पिशवीत भरली. वॉचमननं रोजच्यासारखी पिशवी वरून दाबून पाहिली आणि सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली नाही. अकराच्या सुमारास चिकलठाणा गावातल्या शाइस्ताच्या घरी गेली. तक्रार करायची तर आजारी माणसाच्या घरातली वापरलेली डबी हवी, बॅच नंबरासकट. नुसत्या कपाटातल्या डब्या ऋतुराज सहज नाकारेल. एवढं तिनं रात्रभर विचार करून काढलं होतं. माफी कशी मागायची, ते काढलं नव्हतं.

शाइस्तानं दार उघडलं आणि उंबऱ्यातच उभी राहिली.

"काय पाहिजे?"

"उजमाची डबी. मी औषध निरीक्षकांकडं जाणार आहे, आपा. केस होईल."

"केस." शाइस्तानं तो शब्द चघळल्यासारखा म्हटला. "केसमधी पोरीचं नाव येईल. पेपरात येईल. जालनावाल्यांना तेवढंच पाहिजे. निघा तुम्ही."

"अम्मी, त्यांना आत येऊ दे," आतून आवाज आला.

उजमा भिंतीला टेकून गादीवर बसली होती. पाय उशीवर ठेवलेले. चेहरा गोरा होता, डबीवरच्या सातव्या बाईसारखा, आणि सुजून इतका ताणला होता की तिचं वय कळत नव्हतं. मोनालीनं तिला याआधी दोनदाच पाहिलं होतं. रस्त्यात भेटली असती तर ओळखलं नसतं.

"तुम्हाला कधी कळलं, क्रीममध्ये पारा आहे ते?" उजमानं विचारलं. आवाज बारीक होता, पण अडखळत नव्हता.

"ऑगस्टमध्ये शंका आली," मोनाली म्हणाली.

उजमा सरळ होऊन बसली. "जूनमध्ये तुम्ही अम्मीला विचारलं होतं, उजमा रोज लावते का. अम्मीनं घरी येऊन सांगितलं. लई खूष होती, म्याडमनी तुझी चौकशी केली म्हणून. पहले कभी नहीं पूछा था. जूनमध्येच कशी केलीत?"

बाहेर विमान उतरत होतं. त्याचा आवाज घरावरून गेला.

"चौदा मे," मोनाली म्हणाली.

शाइस्ता मोरीजवळ उभी होती. तिनं बोटांवर मोजलं. "जून. जुलै. ऑगस्ट. तीन डब्या तुमच्या हाताच्या." मग ती पुढं आली आणि मोनालीच्या गालावर तिनं चपराक मारली. जोरात नव्हती, कारण मधेच तिचा हात ढिला पडला. पण मारली. मोनालीनं गालाला हात लावला नाही.

"अम्मी, बस," उजमा म्हणाली. उशीखालून तिनं डबी काढली, अर्धी संपलेली. "ही देते मी. पण माफी नका मागू. लिहून द्या. कोणती बॅच, कधी कळलं, किती डब्या कुणाला दिल्या, सगळं. मराठीत लिहा, अम्मीला वाचता आलं पाहिजे."

कॉलेजच्या वहीचं पान फाडून तिनं पुढं केलं. मोनालीनं जमिनीवर बसून लिहिलं. लिहिताना दोन ठिकाणी तिला स्वतःचीच बाजू मांडावीशी वाटली, सरांनी धमकावलं होतं वगैरे. एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. पान भरलं. शाइस्तानं ते उभ्यानं वाचलं, ओठ हलवत, शेवटपर्यंत. त्याचा मोबाईलवर फोटो काढला, मग पान आणि डबी एका पिशवीत घालून मोनालीच्या हातात दिली.

"आता जा," ती म्हणाली.

औषध निरीक्षक मध्यमवयीन होते, कमी बोलणारे. त्यांनी डब्या मोजून घेतल्या, पान वाचलं आणि चष्मा काढला. "हे तुमच्याविरुद्धच आहे, कळतंय ना?"

"हो."

"दोन दिवस विचार करून आणलंत तरी चालेल."

"दोन दिवसांत सर बाकीच्या डब्या फेकून देतील."

त्याच दुपारी निरीक्षक शेडवर गेले. नाव नसलेले तीन पुडे सापडले, दोन हजार डब्याही सापडल्या. पुढं अहवाल आला, त्यात पारा इतका होता की तपासणाऱ्यांनी नमुना पुन्हा तपासला. शेडला सील लागलं. गुन्ह्यात पहिलं नाव ऋतुराजचं आणि दुसरं मोनालीचं. ऋतुराजनं जबाब दिला, मी धंदा बघतो, केमिकलमधलं मला काही कळत नाही, केमिस्टनं काय मिसळलं ते तिलाच विचारा. आठवडाभरात तो जामिनावर बाहेर आला.

पॅकिंगच्या बेचाळीस बायकांचं काम गेलं. त्यातल्या पंधरा-वीस एके सकाळी मोनालीच्या घरापुढं जमल्या. आता दिवाळी कशी करायची ते सांग, म्हणाल्या. शिकून आमच्याच पोटावर पाय दिलास, म्हणाल्या. एक जण म्हणाली, आम्ही बी लावलंय ते क्रीम, आम्हाला कुणी विचारायला आलं का? त्या बाईचं नाव सरिता. मोनालीची आई चंपाबाई दाराला कडी घालून आत रडत बसली. कडुबा मात्र बाहेर खुर्ची टाकून बसले आणि बायका दमून निघून जाईपर्यंत सगळं ऐकून घेतलं.

मग ते आत आले.

"मे महिन्यात बोलली असतीस तर मी तुझ्यासंगं चाललो असतो," ते लेकीला म्हणाले. "गेटावर बसलो असतो. आता कुठं चालू?"

त्यानंतर कित्येक दिवस ते टपरीवर गेले नाहीत. घरात मोनालीशी कामापुरतंच बोलत.

तिच्या वकिलानं वाट काढून दिली होती. वहीचं पान मला मारहाण करून लिहून घेतलं, एवढं म्हणायचं. चपराक तर बसलीच होती, सगळंच खोटं बोलायला लागणार नव्हतं. मोनालीनं त्याला नाही म्हणून सांगितलं. वकील वैतागला. दुसरा बघा, म्हणाला. तिनं दुसरा बघितला.

बॅच नंबर पेपरात छापून आल्यावर सरितासह सहा बायका तपासणीला गेल्या. दोघींच्या लघवीत दोष निघाला. त्यांची नावंही केसमध्ये आली. मोनालीनं त्यांच्यासोबत दवाखान्यात जायची तयारी दाखवली. त्यांनी नको म्हणून सांगितलं.

मार्चमध्ये एका संध्याकाळी ती क्रांती चौकात रिक्षाची वाट बघत होती. आता ती एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना रसायनशास्त्र शिकवत होती. जालना रोडला जाणारी शेअर रिक्षा थांबली. मागं दोघी बसल्या होत्या. एक म्हातारी, आणि कडेला शाइस्ता. मोनाली बसल्यावरच तिला आणि शाइस्ताला एकमेकींचे चेहरे दिसले.

सिग्नलला रिक्षा थांबली.

"उजमा कशी आहे?" मोनालीनं विचारलं.

शाइस्ता समोर बघत राहिली. "सूज उतरली. प्रोटीन अजून जातं, पहिल्यापरीस कमी. गोळ्या चालू हायेत." मग म्हणाली, "रंग उतरला. पहिल्यासारखी झाली. जालनावाल्यांना तिनं स्वतः फोन केला, आता अशीच राहणार हाय, बघा तुमचं. ते बघतो म्हणले. अजून बघतायत."

"कोर्टाची तारीख—"

"येणार हाय मी. उजमा बी येणार हाय. तुमच्या विरोधात बोलणार आम्ही, त्या सरच्या बी."

"बोला, आपा."

"तुमची परवानगी नको." तिनं पुढं वाकून रिक्षावाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, गाडी बाजूला घ्या. या बाई उतरणार हायेत."

रिक्षावाल्यानं आरशातून मोनालीकडं पाहिलं. म्हातारी अंग चोरून बसली.

मोनाली उतरली. तिनं पैसे पुढं केले. रिक्षावाल्यानं घेतले नाहीत, एवढ्याशा अंतराचे कसले पैसे, म्हणाला, आणि रिक्षा पुढं काढली. क्लास सुरू व्हायला वीस मिनिटं होती आणि रस्ता अडीच किलोमीटरचा होता. दुसरी रिक्षा लवकर मिळेल असं दिसेना. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि कडेनं चालायला लागली.